पडद्याखालचा कॅमेरा: दिव्यांच्या शेपट्या काचेतच थांबवायच्या की सॉफ्टवेअरने पुसायच्या?

कृष्णाकाठ (धागा काढणारा)
गेल्या महिन्यात भाचीला घेऊन आयर्विन पुलावर गेलो होतो. अंधार पडलेला, मागे पुलावरचे दिवे. तिने माझ्या फोनवर दोघांचा सेल्फी काढला. या फोनचा पुढचा कॅमेरा पडद्याखाली आहे, त्याच्यासाठी पडद्यात भोक नाही. फोटोत आमचे चेहरे धुक्यात उभे असल्यासारखे, आणि प्रत्येक दिव्याला आडव्या-उभ्या रंगीत शेपट्या. आत निळसर, टोकाला लाल. तिच्या फोनला साधं भोक आहे. त्यात तोच दिवा नुसता पिवळा ठिपका.

लेन्स तीनदा पुसली. मळाचा प्रश्नच नव्हता, हे विवर्तन आहे, म्हणजे बारीक जाळीतून जाताना प्रकाशाचं वळून पसरणं. रात्री छत्रीच्या काळ्या कापडातून रस्त्यावरचा दिवा बघा, अशीच फुली दिसेल. १७८५ मध्ये फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी रेशमी रुमालातून दिवा बघताना हेच पाहिलं आणि अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांना कारण विचारलं. रिटनहाउसनी केस समांतर ताणून जाळी बनवली आणि पडताळून पाहिलं. आपल्या ओएलईडी पडद्यात (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो) ती जाळी पिक्सेलची आणि तारांची.

हिशेब सोपा आहे. ४०० पीपीआयचा (इंचात ४०० पिक्सेल) पडदा म्हणजे दोन पिक्सेलमध्ये ६३.५ मायक्रॉन अंतर. ५५० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश त्यातून सुमारे अर्धा अंश वळतो. कॅमेऱ्याचं नाभीय अंतर (लेन्सपासून चित्र उमटतं तिथपर्यंतचं) ३ मिलिमीटर धरा, तर सेन्सरवर दिव्याचं पहिलं भूत, म्हणजे खोटी प्रतिमा, २६ मायक्रॉन बाजूला पडतं. सेन्सरचा एक ठिपका एक मायक्रॉनचा असेल तर २६ ठिपके लांब! आणि पडद्याचे पिक्सेल जितके दाट, तितकं भूत दूर.

माझं म्हणणं: याचा इलाज पडद्यातच व्हायला हवा. कॅमेऱ्यावरच्या भागात पिक्सेल गोल करा, तारा सरळ न ठेवता नागमोडी न्या, अंतरं थोडी विस्कटा. सॉफ्टवेअर जे पुसतं ते अंदाजाने पुसतं.

हरभट_रोड
दादा, मी मोबाईल दुरुस्त करतो, रोज पडदे उघडतो. भिंगाखाली बघा, कॅमेऱ्यावरच्या तुकड्यात पिक्सेल विरळ केलेले असतात. पांढरं पान उघडलं की तो चौकोन डोळ्याला खुपतो. माणूस दिवसातून पाच तास पडदा बघतो आणि सेल्फी काढतो दोन मिनिटं. कोणासाठी कोणाचं नुकसान करायचं?

सॅमसंगचंच घ्या. घडी होणाऱ्या फोनपैकी २०२१ च्या फोल्ड ३ मध्ये आतल्या पडद्याखाली ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला, फोल्ड ६ पर्यंत ठेवला, आणि २०२५ च्या फोल्ड ७ मध्ये पुन्हा भोक पाडलं. चार वर्षं रेटून शेवटी भोकच बरं वाटलं ना? माझं मत तेच.

विश्रामबागकर
भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून दोन गोष्टी सांगते.

कृष्णाकाठ, पिक्सेल विस्कटले तर शेपट्या जातील, पण प्रकाश कुठे जाणार? अडवलेल्या भागामुळे जो पसरायचा तो पसरणारच. फुलीऐवजी दिव्याभोवती मऊ वलय येईल आणि त्याने चेहऱ्यावरचा काळा-पांढरा फरक फिका पडेल. तुम्ही धुक्याची तक्रार करताय, आणि हा उपाय धुकं वाढवणारा आहे.

दुसरं, "तारा पारदर्शक केल्या की झालं" असं पुष्कळ जण म्हणतात. नाही होत. १५० नॅनोमीटर जाडीच्या पारदर्शक वाहकाचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती हळू जातो त्याचं माप) १.९ आणि शेजारच्या थराचा १.५ असेल, तर तिथून जाणारी लाट ६० नॅनोमीटरने मागे पडते. हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या नवव्या हिश्शाएवढी. डोळ्याला ती तार दिसणार नाही, पण जाळीचं काम ती करेलच. शेजारच्या थराचा अपवर्तनांक जुळवून घेतला तरच ती खरी नाहीशी होते. माझ्या मते मेहनत तिथे घालावी, गोल पिक्सेलवर नाही.

कृष्णाकाठ
ताई, अपवर्तनांकाचं पटलं, ते माझ्या डोक्यात नव्हतं. वलयाचं पूर्ण पटत नाही. शेपटी दुसऱ्याच्या गालावरून जाते, तिथली माहिती खाते. वलय मंद आणि सगळीकडे सारखं उतरतं, ते वजा करणं सोपं.

मिरज_जंक्शन
म्हणजे सॉफ्टवेअर आलंच की तुमच्याकडे! मी इमेज प्रोसेसिंगचं काम करतो. पडद्याची जाळी कारखान्यातच ठरलेली असते. एका बिंदूचा फोटो कसा पसरतो हे एकदा मोजलं की उलट गणित करता येतं. यात अंदाज कुठला? काचेत फेरफार करायला नवे साचे लागतात, गणित अपडेटमध्ये पोचतं.

कृष्णाकाठ
गणित तेव्हा चालतं जेव्हा दिवा किती तेजस्वी होता ते माहीत असतं. माझ्या फोटोत दिवे पांढरेफटक आहेत, सेन्सर तिथे भरून गेलाय. दिवा शंभरपट उजळ होता की हजारपट, फोटोला ठाऊक नाही. मग शेपटी किती वजा करणार? त्यात रंगागणिक, कोनागणिक पसरणं वेगळं.

मिरज_जंक्शन
त्यासाठी लागोपाठ दोन-तीन फोटो, एक अगदी कमी उजेडाचा. त्यात दिव्याचं खरं तेज सापडतं.

कृष्णाकाठ
फोटोत सापडेल. आई हरिपूरला असते, रोज रात्री व्हिडिओ कॉल. माझ्या मागे ट्यूबलाइट, आणि ती रोज विचारते, "तोंड का रे असं पुसट दिसतंय, बरं नाही का?" सेकंदाला तीस चित्रं, मी हलतोय, फोन हलतोय. तिथे तीन-तीन उजेड कसे जुळवणार?

मिरज_जंक्शन
व्हिडिओत अवघड आहे, हे मान्य. बॅटरीही खातं.

विश्रामबागकर
ट्यूबलाइट मागे असताना तर वलयच जास्त त्रास देईल, कृष्णाकाठ. लांबट उजेड आहे तो. शेपट्या एकमेकींत मिसळून तसंही धुकंच होतं. तुमच्या आईंसाठी विस्कटलेल्या पिक्सेलपेक्षा कमी तारा आणि मोठ्या मोकळ्या जागा हव्यात.

हरभट_रोड
आणि मोठ्या मोकळ्या जागा म्हणजे परत तो विरळ चौकोन. ताई, आईंचा कॉल मलाही कळतो, माझीही आई गावाकडे आहे. म्हणूनच तिला भोकवाला फोन घेऊन दिला.