लॉ झालेली पोरं कुठं मिळतील?

टॉवेलवाला: सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखाना आहे, काँट्रॅक्ट, चेक बाउन्सच्या नोटिसा, लेबरचे कागद बघायला लॉ झालेलं कुणीतरी हवंय. जाहिरात दिली की बीकॉमवालेच येतात.

वकीलताई: दादा, दयानंद लॉ कॉलेजात जाऊन भेटा, आधी इंटर्न घ्या. बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमानं 3 वर्षांच्या कोर्सला 12 आणि 5 वर्षांच्याला 20 आठवडे इंटर्नशिप लागतेच, पोरं जागा शोधत फिरतात. आणि स्टायपेंड द्या, फुकट राबवू नका प्लीज.

जुना वकील: फुल टाइम पगारावर घेतलं की प्रॅक्टिस थांबवावी लागते, आणि 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर जज्जच्या परीक्षेला 3 वर्षं प्रॅक्टिस लागते, म्हणून हुशार पोरं नोकरीला नाही म्हणतात. त्यांना रिटेनरवर घ्या, म्हणजे नोकरी नाही, ठरलेली फी देऊन काम.

टॉवेलवाला: सोमवारीच जातो. स्टायपेंड किती द्यावा?