'इरलिश्ट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

क्लाउस शुल्त्से या बर्लिनच्या कीबोर्डवादकाच्या पहिल्या स्वतंत्र अल्बमवर लिहितो आहे. अल्बम १९७२चा, नाव 'इरलिश्ट'. जर्मनमध्ये 'लिश्ट' म्हणजे उजेड, 'इर' म्हणजे भरकटलेलं. दलदलीच्या भागात रात्री दिसणारा, जवळ जावं तसा लांब सरकणारा, वाटसरूला वाट सोडायला लावणारा उजेड. मसुद्यात 'भ्रामक प्रकाश' लिहिलं होतं, पण ते विज्ञानाच्या पुस्तकातलं वाटतं. रात्र, ओल, भीती, यातलं काहीच त्यात येत नाही. बोलीतला शब्द हवा आहे.

तीन भागांची नावंही अडली आहेत: 'एबेनं', 'गेविटर' आणि 'एक्सिल झिल्स मारिया'.

प्रतिसाद १

आग्यावेताळ?

प्रतिसाद २

आग्यावेताळ नको. तोंडातून आग ओकणारं पिशाच्च हा त्याचा अर्थ खरा, पण आता तो शब्द तापट माणसालाच चिकटला आहे. शिवाय आग्यावेताळ अंगावर येतो. तुमचा उजेड लांब जातो.

माझं मत 'चकवा'. आमच्याकडे सिंधुदुर्गात चकवा लागला म्हणजे काय, ते आजीकडून ऐकलं आहे. माणूस रोजच्या पायवाटेने निघतो, तास-दीड तास चालतो आणि पुन्हा त्याच आंब्याखाली येऊन उभा राहतो. झाड ओळखीचं, बांध ओळखीचा, तरी वाट सापडत नाही. मग चालणं थांबवून बसून राहायचं, फटफटेपर्यंत. ओळखीचंच अनोळखी होणं हा चकव्याचा गाभा आहे. तुमच्या संगीतात असं काही आहे का? असेल तर दुसरा शब्द शोधू नका.

हातात पेटती चूड घेऊन फिरणारा म्हणून कोणी देवचाराचंही नाव सुचवेल, पण तो राखणदार. तो चुकलेल्याला वाटेला लावतो, म्हणजे नेमकं उलट.

प्रश्नकर्ता

आहे, अगदी तेच आहे! हा अल्बम सिंथेसायझरचा वाटतो, पण शुल्त्सेकडे तेव्हा सिंथेसायझर नव्हता. होता एक इलेक्ट्रिक ऑर्गन, त्यात फेरफार केलेले. एक बिघडलेला ॲम्प्लिफायर. आणि एका वाद्यवृंदाच्या तालमीचं ध्वनिमुद्रण, ते त्याने उलटं चालवलं. टेप उलटी फिरली की सुराचा आघात शेवटी जातो. सूर कुठून तरी क्षीण येतो, फुगत जातो आणि ऐन भरात तुटतो. तंतुवाद्यं आहेत हे कानाला कळतं, पण गज कुठे टेकला ते सापडत नाही. ओळखीचा आंबा, आणि वाट नाही.

प्रतिसाद ३

'चकवा' छान आहे, पण त्यात उजेड कुठे आहे? चकवा काळोखातच लागतो, दिवा दिसलाच पाहिजे असं नाही. जर्मन शब्दाचा निम्मा भाग 'लिश्ट' आहे.

'इरेन' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: भटकणं आणि चूक करणं. मराठीत ही जोडी 'चुकणे'मध्ये जशीच्या तशी आहे. वाटही चुकते आणि गणितही चुकतं. 'भ्रमण' आणि 'भ्रम' यांचं मूळही एकच. म्हणून मी 'चुकार दिवा' म्हणेन. चुकार ढोर कळपातून फुटतं, तसा हा दिवा. तो स्वतः भटका आहे. जर्मन कवी गटेच्या 'फाउस्ट' या नाटकामध्येही हा उजेड पात्र म्हणून येतो आणि आपली चाल मुळात वाकडीतिकडीच असते, असं स्वतःच सांगतो.

बाकीची नावं. 'एबेनं' म्हणजे सपाट प्रदेश, आणि पातळीसुद्धा. मराठीत दोन्ही एकत्र मिळत नाहीत, तेव्हा 'माळ' घ्या. 'गेविटर'ला 'वादळ' लिहू नका. वादळात वारा मुख्य, गेविटरमध्ये विजा आणि गडगडाट. आपला 'वळीव' जवळचा आहे. फक्त त्याच्यासोबत उन्हाळा आणि मातीचा वास येतो, तो चालणार असेल तरच.

'एक्सिल' म्हणजे हद्दपारी.

प्रतिसाद २

इथे 'हद्दपारी' खटकते. झिल्स मारिया हे स्वित्झर्लंडमधलं डोंगरातलं गाव. बाझेलची प्राध्यापकी सोडल्यावर जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे १८८१मध्ये आणि पुढे १८८३ ते १८८८ दर उन्हाळ्यात तिथे राहायचा. त्याला कोणी हाकललं नव्हतं. 'वनवास' म्हटलं की चौदा वर्षं आणि कैकेयी आठवते. 'विजनवास' म्हणा. त्यात माणसांपासून लांब जाणं आहे, आणि ते स्वतःहून असू शकतं.

प्रतिसाद ३

विजनवास मान्य. मात्र जर्मन 'एक्सिल'मध्ये परत जाता न येण्याची सल आहे, ती इथे कमी होते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दिवे घालवून पहिला भाग, तेवीस मिनिटांचा, पुन्हा ऐकला. 'चुकार दिवा' अर्थाला जास्त नेमका आहे, हे पटतं. पण 'चुकार'मध्ये थोडं लाडकं, खोडकर काही आहे, आणि या सुरांत ते नाही. ऑर्गनचा सूर इतका वेळ तसाच धरलेला राहतो की, आपण पुढे सरकलो की तिथेच आहोत, हेच कळेनासं होतं. म्हणून 'चकवा' घेतो, आणि पहिल्याच परिच्छेदात उजेडाचा उलगडा करतो. माळ, वळीव, झिल्स मारियाचा विजनवास.

उपशीर्षक मात्र राहिलं आहे. मूळ जर्मनचा अर्थ 'ऑर्केस्ट्रा आणि ई-यंत्रांसाठी चौफेर ध्वनीची सिंफनी' असा. 'ऑर्केस्ट्रा' लिहिलं की आपल्याकडे गणपतीच्या मांडवातली हिंदी गाणी ऐकू येतात, म्हणून 'वाद्यवृंद' करतो. 'ई-यंत्रं' तशीच ठेवू, की 'विजेची यंत्रं'?

प्रतिसाद २

विजेची. वळीव आहेच ना.