परदेशातले बंडखोर पोसून हुकूमशहाला मिळतं तरी काय?

कोरा_कागद

मार्च १९७३. आयर्लंडच्या वॉटरफर्डजवळच्या समुद्रात आयरिश नौदलाने ‘क्लॉडिया’ नावाचं जहाज अडवलं. आत पाच टन शस्त्रं निघाली आणि त्यांच्यासोबत आयआरएचा, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून ब्रिटनला हाकलू पाहणाऱ्या सशस्त्र संघटनेचा, म्होरक्या जो केहिल. माल आला होता लिबियाहून, तिथला हुकूमशहा कर्नल गद्दाफीकडून.

बेलफास्टच्या भांडणात त्रिपोलीचं काय अडलं होतं? ना भाषा एक, ना धर्म, ना सीमा लागून. तरी हा माणूस आयरिश बंडखोरांना बंदुका देत होता, फिलिपिन्सच्या मोरो मुस्लिम बंडखोरांना पैसा देत होता, लायबेरियाचा बंडखोर नेता चार्ल्स टेलर याच्या माणसांना प्रशिक्षण देत होता. लोक म्हणतात, वेडा होता. मला उलट वाटतं. ही गाजराची पुंगी आहे. वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली.

मोरोंचंच बघा. आधी बंडखोरांना पोसलं. मग १९७६ मध्ये फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी इमेल्डा मार्कोस थेट गद्दाफीच्या भेटीला आल्या आणि फिलिपिन्स सरकार व मोरो यांच्यातला करार झाला तोही त्रिपोलीतच. आग लावणाराच बंब घेऊन हजर, वर शांतिदूत म्हणून मिरवायला मोकळा! आयआरएचंही तेच. लॉकरबीच्या विमानस्फोटानंतर लिबियावर निर्बंधांचा फास आवळला तेव्हा, १९९२ मध्ये, लिबियाने आयआरएला काय काय दिलं याची माहिती स्वतःच ब्रिटिशांना पुरवली. बंडखोर म्हणजे मुदत ठेव. गरज पडली की मोडायची.

तिरकस

कागदसाहेब, निकाल आधी लागला आणि हिशेब मागून जुळवला असं झालंय तुमचं. १९९२ मध्ये माहिती विकायचीय म्हणून कोणी १९७३ मध्ये जहाज भरतं का?

गद्दाफीचं ब्रिटनशी वैर होतं, बस्स. एप्रिल १९८४ मध्ये लंडनच्या लिबियन वकिलातीतून गोळ्या सुटल्या, यव्होन फ्लेचर ही पोलीस मारली गेली, ब्रिटनने संबंध तोडले. एप्रिल १९८६ मध्ये अमेरिकेने लिबियावर बॉम्ब टाकले, त्यातली बरीचशी विमानं ब्रिटनच्या तळांवरून उडालेली. आणि नेमक्या याच काळात, १९८५-८६ मध्ये, आयआरएला चार मोठ्या खेपा पोचल्या, सेमटेक्स स्फोटकांसकट. पाचवी ‘एक्सुंड’ जहाजातून निघाली ती १९८७ मध्ये फ्रेंचांनी पकडली. हा सूड आहे हो, गुंतवणूक कसली! बदल्यात लिबियाच्या जनतेला काय मिळालं? लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या नुसत्या.

आणि क्युबाच्या कॅस्ट्रोला कुठे बसवणार? १९७५ मध्ये त्याने अंगोलातल्या डाव्या गटाच्या मदतीला हजारो सैनिक पाठवले, तेही मॉस्कोच्या होकाराची वाट न पाहता. तेल नाही, हिरे नाहीत, क्युबाच्या पदरात काही पडलं नाही. काही माणसं आपल्या विचारावर खरोखर विश्वास ठेवतात, हे मान्य करायला एवढं जड का जातं?

कोरा_कागद

कॅस्ट्रोचं मान्य. त्याने स्वतःच्या देशाची पोरं मरायला पाठवली, ती पुंगी नव्हती.

पण गद्दाफीबद्दल एक गोष्ट बघा. शेजारच्या चाडमध्ये त्याने स्वतःचं सैन्य घातलं आणि १९८७ मध्ये टोयोटा पिकअपमधून आलेल्या चाडच्या सैनिकांकडून सपाटून मार खाल्ला. लांबच्या देशांत मात्र उंटावरून शेळ्या. माणसं दुसऱ्याची, मरणं दुसऱ्याचं, आपला फक्त तेलाचा पैसा, आणि तो कुठे गेला हे विचारायला संसद नाही. सूड असेल, पण परवडणारा सूड.

मध्यरात्र

दोघंही ‘हुकूमशहा’ हा शब्द इतका सहज का वापरताय? १९७१ मध्ये मुक्ती वाहिनीला शस्त्रं आणि प्रशिक्षण कोणी दिलं? ऐंशीच्या दशकात श्रीलंकेच्या तमिळ गटांना कोणी तयार केलं? त्याची किंमत १९९१ मध्ये श्रीपेरंबुदूरला, राजीव गांधींच्या हत्येत मोजली. निकाराग्वाच्या डाव्या सरकारविरुद्ध लढणारे काँट्रा बंडखोर तर अमेरिकेने उघड पोसले. सगळी सरकारं हेच करतात. आपण केलं की मुक्तिसंग्राम, दुसऱ्याने केलं की दहशतवाद.

कोरा_कागद

मध्यरात्र, १९७१ मध्ये जवळपास एक कोटी निर्वासित आपल्या दारात होते. शेजारचं घर पेटल्यावर बादली उचलणं वेगळं.

काँट्रांचं उदाहरण मात्र माझ्याच बाजूचं आहे. अमेरिकी काँग्रेसने पैसा अडवला, म्हणून रेगनच्या माणसांना इराणला चोरून शस्त्रं विकून तो उभा करावा लागला. १९८६ मध्ये भांडं फुटलं, चौकशा झाल्या. गद्दाफीला चोरून करायची गरजच नव्हती, १९७२ मध्ये त्याने भाषणातच सांगितलं होतं की आयरिश क्रांतिकारकांना आपला पाठिंबा आहे. तमिळ गटांबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

शाईचा डाग

सगळे बंदुकांवरच अडकलात. राजकीय पक्ष पोसणं त्याहून स्वस्त आणि कमी धोक्याचं. ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाला मॉस्कोकडून वर्षानुवर्षं रोकड येत होती. पक्षाचे पदाधिकारी रूबेन फॉल्बर ती सोव्हिएत वकिलातीच्या माणसाकडून घ्यायचे आणि घराच्या माळ्यावर ठेवायचे. त्यांनी स्वतः १९९१ मध्ये हे कबूल केलं. डोळ्यांसमोर आणा: जागतिक क्रांतीची तिजोरी, घरात अडगळ टाकतो तिथे.

पुढे माळ्याची जागा बँकेने घेतली. २०१४ मध्ये फ्रान्सच्या नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाने एका रशियन बँकेकडून सुमारे नव्वद लाख युरो कर्ज घेतलं. कागदोपत्री सगळं चोख. पक्ष म्हणतो, फ्रेंच बँका कर्ज देत नव्हत्या. खरंही असेल. पण त्या पक्षाकडून मॉस्कोला क्रांती नको होती. युरोपच्या संसदेत रशियावरच्या निर्बंधांविरुद्ध बोलणारे चार आवाज असले तरी पुरे. यात सूडही नाही, श्रद्धाही नाही.

तिरकस

डागभाऊंचा मुद्दा बिनतोड, माळा तर कायमचा लक्षात राहील. पण कागदसाहेबांच्या मुदत ठेवीवर माझा मूळ आक्षेप अजून तसाच आहे. ठेव आपण म्हणू तेव्हा मोडता येते. बंडखोर नाही.

टेलर १९८९ मध्ये मूठभर माणसं घेऊन लायबेरियात घुसला, ती आग सिएरा लिओनपर्यंत गेली. २०१२ मध्ये त्याला युद्धगुन्ह्यांसाठी ५० वर्षांची शिक्षा झाली, पण ते युद्ध थांबवणं गद्दाफीच्या हातात कधीच नव्हतं. गद्दाफीने आपल्या फौजेत घेतलेले तुआरेग या सहारातल्या जमातीचे लढवय्ये २०११ मध्ये तो पडल्यावर त्याचीच शस्त्रं घेऊन मालीत परतले. जानेवारी २०१२ मध्ये तिथे बंड, मार्चमध्ये लष्करी उठाव. देणारा मेला तरी व्याज चालूच.

कोरा_कागद

मालीचं खरंय. मुदत ठेव हा शब्द मागे घेतो, पुंगी मात्र ठेवतो. गद्दाफीला स्वतःला ती ३०-३५ वर्षं वाजवता आली.

शाईचा डाग

आणि पैसे कोणी भरले ते? २००८ मध्ये लिबियाने आपल्यावर ठपका असलेल्या हल्ल्यांतल्या अमेरिकी पीडितांसाठी दीड अब्ज डॉलर मोजले. लिबियाच्या सेमटेक्सने ज्यांची माणसं गेली ती ब्रिटनमधली कुटुंबं त्या करारात नव्हती. लिबियाचा पैसा लंडनमध्ये गोठवून ठेवलाय, ही कुटुंबं अजून मागतायत.