प्रवासात ॲल्युमिनियमचा भाग फुटला, तेव्हा तुम्ही काय केलंत?

मोटरसायकल आडवी झाली की मार बसतो तो क्लच कव्हर, इंजिनचं केसिंग, लिव्हर यांनाच. लोखंडी भाग कुठलाही वेल्डर जोडून देतो, ॲल्युमिनियमचं तसं नाही. ते ६६० अंशांना वितळतं, तेही लाल न होता, आणि त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांपुढेही टिकतो. ॲल्युमिनियम जोडणारं टिग वेल्डिंगचं मशीन आणि जाणता हात मिळेपर्यंत गाडी कशी चालवलीत, ते तपशिलात लिहा.

*

दगड लागून क्लच कव्हरला भोक पडलं, तेल गळायला लागलं. गाडी लगेच चांगल्या बाजूवर आडवी केली, त्यामुळे भोक वर आलं आणि उरलेलं तेल वाचलं. आडवं करण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करा, बॅटरीकडेही लक्ष असू द्या. मग खरं काम सफाईचं. आधी ब्रेक क्लीनरने तेल काढलं, मग पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईपर्यंत घासला, पुन्हा पुसला आणि वेळ न घालवता एपॉक्सी पुटी दाबली. घासलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइड लगेच धरतो, म्हणून हा क्रम सोडू नका. पुटी आत फार ढकलू नका, तिथे क्लच फिरतो. रात्रभर हात लावला नाही. सकाळी तेलाची पातळी पाहून निघालो. नवं कव्हर बसेपर्यंत थेंबही गळला नाही.

*

माझ्या ड्रेन प्लगचे (इंजिनातलं तेल काढायच्या बुचाचे) आटे गेले होते. थोडे शिल्लक होते, म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळून प्लग हलक्या हाताने आवळला आणि प्रत्येक थांब्याला खाली वाकून पाहिलं. घरी आल्यावर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घेतलं. सगळेच आटे गेले असतील तर टेपच्या भरवशावर निघू नका.

*

वाकलेला लिव्हर सरळ करायचा मोह टाळा! ओतीव ॲल्युमिनियम थंड असताना उलटं वाकवलं की तडकतं. वाकडा लिव्हर बोटांत येत असेल तर तसाच चालवा. माझा क्लच लिव्हर मुळाशी तुटला, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर लॉकिंग पक्कड घट्ट बसवून चालवलं. आता लिव्हरचे क्लॅम्प फिरतील इतपतच आवळतो. गाडी पडली की लिव्हर फिरतो, तुटत नाही.

*

कमी तापमानाला वितळून, मूळ भाग न वितळवता सांधा जोडणाऱ्या ब्रेझिंग कांड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. सामानाच्या ब्रॅकेटवर छान चालल्या. ज्योत कांडीवर नको, भागावर धरायची. भागाच्या उष्णतेनेच कांडी वितळली पाहिजे. वायर ब्रशने घासत राहायचं. इंजिनच्या केसिंगवर मात्र छोटा टॉर्च पुरत नाही, सगळी उष्णता ते केसिंगच ओढून घेतं.

*

वरचं सगळं मान्य. पण ब्रेक कॅलिपर, फोर्क आणि तडा गेलेलं चाक यांना पुटी किंवा कांडी लावून कृपया चालवू नका. माझ्या मित्राच्या रिमची कड नुसती चेपली होती, तडा नव्हता. ट्यूब टाकून सावकाश चालवत आणली. माझ्या चाकाला तडा दिसला, तेव्हा गाडी टेंपोत चढवली.