टेस्टोस्टेरॉन २३८ आलंय, रिपोर्ट कसा वाचायचा?

रात्रपाळी_३४
नमस्कार. वय ३४, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे. दोन महिने रात्रपाळीच चालू आहे. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही, आणि हल्ली अंगात जीवच राहत नाही. परवा पाळी सुटल्यावर घरी येऊन तीन तास पडलो, मागाचा आवाज कानात घुमत होता. मग जेवलो आणि दुपारी साडेचारला रक्त देऊन आलो. टोटल टेस्टोस्टेरॉन २३८, रेंज २६४ ते ९१६, आकड्यापुढे खाली तोंड केलेला बाण. तो बाण बघूनच पोटात गोळा आला. बायकोला अजून दाखवला नाही, कागद घडी करून पाकिटात ठेवलाय. जिममधला एक जण म्हणतो इंजेक्शन घे, महिन्यात फरक पडतो. घेऊ का?

लॅबताई
दादा, आधी एक ऐका, ते इंजेक्शन घेऊ नका. तुम्हाला मूल हवंय ना? बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स सोडणं कमी करते, मग वृषणातलं काम थंडावतं आणि शुक्रजंतू कमी होतात. काहींचे तर शून्यावर येतात.

आता आकडा. हे हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं, दुपारी उतरतं. जेवणानंतरही खाली येतं, झोप मोडली तरी येतं. तुमच्याकडून तिन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या. म्हणून सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी रक्त द्यायचं, आणि कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा. दोनदा कमी आल्याशिवाय डॉक्टर 'कमी आहे' म्हणत नाहीत. दिवसपाळी लागून आठ-दहा दिवस नीट झोप झाली की या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, त्यानं आकडा चुकू शकतो.

पोट सुटलं असेल किंवा साखर असेल तर एसएचबीजी पण करा. हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं. ते कमी असलं की टोटल कमी दिसतं, पण मोकळं टेस्टोस्टेरॉन पुरेसं असू शकतं.

आणि मुलासाठी खरी तपासणी वीर्याची. टेस्टोस्टेरॉनवरून शुक्रजंतू कळत नाहीत. वहिनींना दाखवा तो कागद, तपासणी दोघांची लागते. एकट्यानं घोर लावून घेऊ नका.

जुळे_सोलापूरकर
रिपोर्टवरचं एकक पण बघत जा. माझा १२ आला होता, रात्रभर झोपलो नाही. तो नॅनोमोल प्रति लिटरमध्ये होता. २८.८ नं गुणलं की तुमच्या मापात, म्हणजे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, साधारण ३४६ होतात.

रात्रपाळी_३४
ताई, दिवसपाळी लागल्यावर दहा दिवसांनी परत दिलं. सकाळी आठला, पाण्याशिवाय काही न घेता. ३७१ आलं. डॉक्टर म्हणाले इंजेक्शनचा विषयच नको. रात्री जेवताना कागद हिच्यापुढे ठेवला. घडी पडून मधली ओळ पुसट झाली होती, तिनं दिव्याजवळ नेऊन वाचली आणि म्हणाली, इतके दिवस एकटेच घेऊन फिरत होता? वीर्यतपासणीचा रिपोर्ट शनिवारी मिळेल, ही सोबत येतेय.