मदत हवी आहे: लहान मुलांना प्राण्यांचा खरा आकार कसा दाखवावा?

गटात तीन ते चार वर्षांची आठ मुलं आहेत, एका वेळी जेमतेम दहा मिनिटं लक्ष देतात. कार्डांवर खरे फोटोच वापरते. कपडे घातलेला, हसरा कोल्हा शिकलेलं मूल खऱ्या फोटोत अडखळतं. नावांची अडचण नाही. वाघ-बिबट्याही पट्टे आणि ठिपक्यांवरून जमले. चित्ता मुद्दाम मागे ठेवलाय, बिबट्याशी गल्लत नको.

अडतंय आकारापाशी. कार्डावर खार आणि हत्ती सारखेच! शेपटीसकट वाघाची लांबी, सुमारे तीन मीटर, खडूने जमिनीवर आखली. मुलं रेघेवरून मजेत चालली, पण तिच्यात वाघ कुणाला दिसला नाही. मग एकास वीस मापाची पुठ्ठ्याची चित्रं कापली. तीन मीटर उंच हत्ती १५ सेंमी झाला, पण खार सेंटीमीटरभर, म्हणजे थेट तोंडात जाणारी. ती बाद.

आता खऱ्या मापाचे अवयव करायचा विचार आहे. हत्तीच्या पुढच्या पावलाचा घेर खांद्यापर्यंतच्या उंचीच्या साधारण निम्मा असतो; अडीच मीटरच्या हत्तीसाठी सुमारे ४० सेंमी व्यासाचा गोल पुरेल. शेजारी अख्खी खार, खऱ्या मापाची.

स्क्रीन आणि छोटी प्लास्टिकची खेळणी नकोत. भिंत मोकळी आहे, उंची अडीच मीटर.

या वयाची मुलं नुसत्या पावलावरून अख्ख्या प्राण्याचा अंदाज बांधतात का, की भिंतीवर पूर्ण बाह्याकृती लागतेच? आणि आधी काय दाखवावं, पाऊल की आकृती?