'वॉल्डन' पहिल्याच प्रकरणात अडकलंय. पुढे कसं वाचू?

पानगळ: नमस्कार मंडळी. साठीला भावानं थोरो या अमेरिकन लेखकाचं 'वॉल्डन' दिलं, इंग्रजीतलं. वॉल्डन तळ्याकाठी स्वतः घर बांधून तो एकटा राहिला, त्याची ही हकिगत. तळं, झाडं, पाखरं असतील म्हणून हौसेनं उघडलं, तर पहिलं प्रकरण संपता संपेना. खिळे किती सेंटचे, विटा किती डॉलरच्या! तीनदा सुरू केलं, तीनदा उशाशी ठेवून झोपले. हे प्रकरण गाळलं तर चालेल का? आणि मूळच रेटू की दुर्गाबाई भागवतांचा अनुवाद आधी घेऊ?

खारुताई: खुशाल गाळा. एकूण 18 प्रकरणं आहेत, सुटी सुटी वाचता येतात. मी 'हिवाळ्यातलं तळं'पासून सुरुवात केली होती. गोठलेल्या तळ्यावर भोकं पाडून, दोरीला दगड बांधून तो खोली मोजतो. भरली 102 फूट. त्या तळ्याला तळच नाही असं गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते, मोजलं मात्र कुणीच नव्हतं.

जुना हिशेबनीस: पानगळताई, मी उलट सांगेन. सगळं पुस्तक त्या पहिल्या प्रकरणावर उभं आहे. आयुष्यभर खतावण्या लिहिल्यामुळे असेल, पण मला तेच सर्वांत रंगतदार वाटलं. 10 बाय 15 फुटांचं घर, खर्च 28 डॉलर साडेबारा सेंट. फळ्या रेल्वेवरच्या एका आयरिश मजुराची झोपडी सव्वाचार डॉलरला विकत घेऊन, ती मोडून काढलेल्या. खिडक्या जुन्या, विटा जुन्या. खडूचा एक सेंटसुद्धा मांडलाय! शेंगांच्या शेतीत वर्षाअखेर हाती राहिले 8 डॉलर साडेएकाहत्तर सेंट, तेही लपवलेलं नाही. वस्तूची किंमत म्हणजे तिच्यापायी आयुष्याचा किती भाग द्यावा लागतो, हे त्याचं म्हणणं. तो जमाखर्च डोळ्यांपुढे नसेल तर पुढचं तळं म्हणजे नुसतं कॅलेंडरवरचं चित्र.

कडुलिंब: एवढं कौतुक? जमीन त्याच्या लेखक मित्राची, इमर्सनची, फुकट वापरायला मिळालेली. काँकॉर्ड गाव दीड मैलावर, अधूनमधून आईकडे जेवायला. दोन वर्षं दोन महिने राहिला, त्याचं पुस्तकात एकच वर्ष केलं. शिवाय बायको-पोरं नाहीत. आमच्याकडे असं राहायचं म्हटलं तर आधी घरच्यांना विचारावं लागेल!

खारुताई: कडुलिंबराव, बाहेर जेवतो हे तो स्वतःच लिहितो की. जागा उसनी हेही लिहितो आणि दोनाचं एक वर्ष केलं हेही. संन्यास घेतला असं कुठे म्हणाला तो? घरात तीन खुर्च्या होत्या आणि आगगाडीची शिट्टी रोज ऐकू यायची. बायको-पोरांचा मुद्दा मात्र मान्य. पाचजणांच्या घराला त्याचं गणित लागू पडत नाही.

आंबोशी: अनुवादाबद्दल. दुर्गाबाईंचं 'वॉल्डनकाठी विचारविहार' मला गावच्या ग्रंथालयात मिळालं. थोरोची वाक्यं पल्लेदार, एकात एक अडकलेली. इंग्रजीत मी वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायचे. म्हणून आधी मराठी, मग आवडलेली पानं मुळातून. जोडीला त्यांचंच 'ऋतुचक्र' ठेवा. अनुवाद करणारीची स्वतःची नजर कशी होती ते तिथे दिसतं. आणि सलग वाचू नका. पहाटेच्या चहाबरोबर चार पानं पुरेत.

पानगळ: सर्वांचे आभार. खारुताईंचं ऐकून हिवाळ्याचं प्रकरण आधी वाचलं आणि आमची मुंबई भेटली की हो! 1846-47 च्या हिवाळ्यात शंभरेक मजूर तळ्यावर येऊन बर्फ कापत होते. त्या काळी तिकडचा बर्फ जहाजानं पार इकडे यायचा. मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे घामेजलेले लोक माझ्या विहिरीचं पाणी पितात, असं तो लिहितो. सकाळी स्वतः गीता वाचतो, म्हणजे गंगेचं पाणी तिकडे आणि तळ्याचं पाणी इकडे. पण मला खरी गंमत वाटली ती पुढच्या हकिगतीची. रचून ठेवलेला पुष्कळसा बर्फ कुणी नेलाच नाही. वितळत वितळत 1848 च्या सप्टेंबरात संपला आणि बहुतेक सगळा परत तळ्यातच गेला.

आता पहिलं प्रकरण पुन्हा घेतलंय, यंदा पेन्सिल हातात घेऊन. हिशेबनीसकाका, चुन्याच्या रकमेपुढे त्यानं 'महाग पडला' असा शेरा मारलाय, तो काल दिसला. तीन वेळा वाचून नजरेतून सुटला होता.

जुना हिशेबनीस: दोन डॉलर चाळीस सेंट. त्याखालची केसांची ओळही बघा, 31 सेंट. गिलाव्यात मिसळायला घेतले होते. पुढे शेरा: 'गरजेपेक्षा जास्त'.